हलकं वाटतं

१

सकाळी साडेसातला बाबांचं वजन घ्यायचं आणि आठला त्यांना शववाहिकेत बसवून फिरायला न्यायचं. सहा महिने आमच्या घराचा दिवस असाच सुरू होत होता आणि त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं.

वजनाचं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून अंगात पाणी साठण्याची भीती होती. रोज त्याच वेळी, त्याच कपड्यांत, त्याच काट्यावर उभं करायचं आणि आकडा कॅलेंडरवर लिहायचा. एकदम दोन किलो वाढले तर फोन करायचा. कमी झाले तर काय करायचं, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

शववाहिका माझी होती. पाच वर्षं लांब शिकून मी परत आले ती एक गोष्ट डोक्यात पक्की करून. आपली माणसं मरणाने मरतात त्याच्या कितीतरी आधी मरणाच्या भीतीने मरतात. आई गेल्यावर बाबांनी घराबाहेर पडणं सोडलं होतं. ऑपरेशननंतर तर ते खिडकीशीही जात नसत. मला ती भीती मोडायची होती. भाषणं देऊन भीती मोडत नाही. भीतीत बसून भाजी आणायला जावं लागतं.

म्हणून अंत्यविधीचं सामान पुरवणाऱ्या, बंद पडलेल्या एका दुकानाच्या शेडमधून मी ती पन्नास वर्षांची गाडी उचलली. लांबलचक काळी, दोन्ही बाजूंना आरपार काच, काचेला करड्या मखमलीचे पडदे. मागच्या भागात जमिनीला फिरते लाकडी रूळ बसवलेले होते, शवपेटी सुरकन आत सरकावी म्हणून. मी त्यांच्यावर फळी टाकली, फळीवर जुना सोफा ठेवला आणि मागच्या दारावर पिवळ्या रंगात लिहिलं: "घाई नाही, या सावकाश."

गल्लीची हसून हसून पुरेवाट झाली. पोस्टमन म्हणाला, "ताई, माझी पेन्शन सुरू व्हायचीय अजून. मी हात केला तरी थांबू नका." समोरच्या शिंपिणीने तिची चार शिलाई यंत्रं त्यातूनच नव्या दुकानात नेली. मला हेच तर हवं होतं.

२

बाबा पहिल्या दिवशी म्हणाले, "जिवंतपणीच घालतेस होय मला यात?"

"पुढे बसा मग."

पण पुढे सीटचा पट्टा छातीवरच्या टाक्यांवर यायचा. म्हणून ते मागे सोफ्यावर बसले. नदीकाठच्या रस्त्याने एक फेरी मारून आलो. उतरल्यावर दाराला हात लावून क्षणभर उभे राहिले आणि म्हणाले, "हलकं वाटलं गं."

दोन वर्षांत त्यांच्या तोंडून असं काही आलं नव्हतं. मी त्या दिवशी ते चार जणांना फोन करून सांगितलं.

मग रोजचंच झालं. फेरी झाली की बाबा शिटी वाजवत घरात यायचे, पेपर मागायचे, आत्याची फिरकी घ्यायचे. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. दोन गल्ल्या सोडून राहते आणि आमच्या घरावर पहारा ठेवते.

"दादा, लाज वाटू दे. लोक काय म्हणत असतील?"

"म्हणत असतील, म्हातारा रंगीत तालीम करतोय."

"असलं अभद्र बोलू नये!" आत्या माझ्याकडे वळली. "ए शहाणे, तुला तिकडे हेच शिकवलं का? बापाला मढ्याच्या गाडीत फिरवायला?"

"आत्या, ते हसतायत. तू शेवटचं कधी पाहिलं होतंस त्यांना हसताना?"

कॅलेंडरवरचा आकडा चौऱ्याहत्तरवरून सत्तरवर आला होता. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. अंगातलं पाणी उतरतंय, म्हणाल्या, चालू द्या. वाचनालयात मरणाच्या भीतीवर मी बोलले त्या संध्याकाळी शेवटचं वाक्य हेच होतं, की माझे बाबा हलके झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

३

पहिल्यांदा मला खटकलं ते पट्ट्याचं भोक.

त्या सकाळी आकडा सहासष्ट होता. बाबा विजारीचा पट्टा आवळत होते आणि मी सहज पाहिलं. तिसरं भोक. ऑपरेशनच्या आधीही तिसरंच होतं. चामड्याला तिथे जुनी सुरकुती पडली होती आणि पट्ट्याची जीभ बरोबर तिच्यात बसली. आठ किलो उतरलेल्या माणसाचं पोट तसंच. गालही तसेच. मनगटावरचं घड्याळही पूर्वीइतकंच घट्ट.

काटा बिघडला असणार. मी त्यावर स्वतः उभी राहिले. अठ्ठावन्न. माझं वजन कॉलेजपासून अठ्ठावन्नच आहे. तांदळाची पाच किलोची पिशवी ठेवली. पाच. नवा काटा आणला. त्यावर बाबा पासष्ट भरले.

त्याच आठवड्यात गाडी दाखवायला नेली. आमच्या मेकॅनिकला सगळे 'पाना' म्हणतात, कारण जेवतानाही त्याच्या खिशात पाना असतो. मागचं चाक आणि त्याच्यावरची पत्र्याची कमान यांच्या मधल्या फटीत तो बोटं आडवी घालून मोजतो.

"ताई, घेतली तेव्हा चार बोटं होती. आता दोनच जातायत. किती माणसं कोंबता मागे?"

"एक. बाबा."

"बाबा काय लोखंड खातात का?"

त्याने मागचे, गाडीचा भार झेलणारे पोलादी पाटे बदलले. हात पुसत म्हणाला, "आता दहा वर्षं बघायला नको." तीन आठवड्यांनी मी स्वतः बोटं घातली. दोन गेली. तिसरं अडलं.

मी शिकलेली मुलगी आहे. म्हाताऱ्या माणसाचं वजन घटू शकतं. जुन्या गाडीचे पाटे बसू शकतात. या दोन गोष्टी एकाच अंगणात घडल्या म्हणून त्यांचं एकमेकींशी नातं लागत नाही. हे मी स्वतःला रोज सांगत होते. जी गोष्ट आपल्याला खरी वाटते ती स्वतःला रोज सांगावी लागत नाही, हेही मला कळत होतं.

४

आमच्या जिन्याची चौथी पायरी वाजते. लहानपणी चोरून खाली उतरताना ती मला नेहमी पकडून द्यायची. एका दुपारी मी स्वयंपाकघरात होते आणि बाबा अचानक मागे उभे दिसले. मी दचकले.

"कधी आलात खाली?"

"हे काय, आत्ताच."

पायरी वाजली नव्हती. मी जाऊन तिच्यावर पाय ठेवला. ती करकरली. बाबांना म्हटलं, एकदा वर जाऊन खाली या. त्यांना वाटलं, पायात ताकद आहे का ते बघते आहे. ते वर गेले, खाली आले, अगदी नेहमीसारखे, कठड्याला धरून. जिना गप्प होता.

त्या दिवसापासून गाडी चालवताना मी आरशात बघायला लागले. समोरच्या आरशात मागचा सोफा पूर्ण दिसतो. तीन माणसांचा सोफा. बाबा त्याच्या एका टोकाला बसायचे. अगदी टोकाला, अर्धी मांडी बाहेर, एक हात कडेच्या दांडीला. भरलेल्या बसमध्ये कुणी सरकून जागा केल्यावर माणूस बसतो ना, तसे. बाकीचा सोफा रिकामा.

"बाबा, नीट मध्ये बसा ना."

"बरं आहे इथं."

"पडाल."

"पडू देत नाहीत गं," ते म्हणाले आणि बाहेर बघू लागले.

घरी आल्यावर मी विचारलं, कोण पडू देत नाहीत? त्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. "अगं, पडदे, दांड्या. धरायला आहे ना सगळं." मग म्हणाले, "मागे बरं असतं. कुणी तब्येत विचारत नाही."

मी फेऱ्या बंद केल्या. टायर घासलेत, असं कारण सांगितलं. बाबांनी हट्ट केला नाही. गाडी अंगणात, त्यांच्या खोलीच्या खिडकीखाली उभी राहिली. आठ दिवस ती कुठेही गेली नाही आणि आठ दिवसांत बाबा साठावरून पंचावन्नवर आले. दुपारी घर शांत असलं की खिडकीखालून आवाज यायचा. फळीखालचे लाकडी रूळ फिरण्याचा. फार नाही, अर्धा वळसा. जड काहीतरी सरकून घेतं, तेवढाच.

डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याच्या काट्यावर वजन घेतलं. मग बाबांचा दंड दोन बोटांत धरून बघितला. सगळ्या तपासण्या केल्या. सगळ्या चांगल्या आल्या.

मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मला समजत नाहीये, हे मी कबूल करते. पण हे असंच चाललं तर महिन्याभरात आकडा चाळिशीच्या खाली जाईल. त्याच्यापुढे मी काही सांगू शकत नाही."

५

गावाबाहेर भंगारवाल्याचा वजनकाटा आहे. ट्रक आधी भरलेला तोलतात, मग रिकामा. मी सोफा काढला, फळी काढली, पडदेसुद्धा काढले आणि एकटीच गाडी घेऊन गेले. बाबा घरी आत्याजवळ होते. कागदांवर रिकाम्या गाडीचं वजन दोन हजार शंभर किलो लिहिलेलं होतं.

गाडी लोखंडी पाटावर उभी केली, खाली उतरले आणि काटेवाल्याच्या केबिनकडे गेले. मळक्या काचेमागे एक जाडा माणूस रेडिओ ऐकत बसला होता. आकड्याकडे न बघताच म्हणाला, "ताई, रिकामी म्हणालात ना? मग मंडळींना उतरवा की."

"कुठली मंडळी?"

"मागची."

"मागे कुणी नाही."

त्याने बाहीने काच पुसली, मान पुढे काढून पाहिलं आणि जरा ओशाळला. "अरेच्चा. समोरच्या ढिगाची सावली पडली असेल काचेत. मला वाटलं, दाटीवाटीने बसलेत. म्हटलं कडेचे आजोबा पडतील आता."

मी आकडा विचारला. दोन हजार चारशे साठ.

परतताना एका हाताने स्टिअरिंग धरून मी मनात हिशोब करत होते. तीनशे साठ जास्त. बाबा त्या सकाळी पन्नास भरले होते, म्हणजे त्यातले त्यांचे चोवीस. नवे पाटे थोडे जड, ते दहा धरू. उरलेल्यांचं काय? मी आरशात पाहिलं नाही. आरसा मी काटेवाल्याकडून निघतानाच छताकडे वळवून ठेवला होता.

६

जाहिरातीत मी लिहिलं: "जुनी शववाहिका विकणे आहे. रोजच्या वापरातली, चालू स्थितीत. मागचे पाटे नवीन." प्रत्येक शब्द खरा होता.

तिसऱ्या दिवशी एक फोटोग्राफर आला. केशरी टोपी, खांद्याला दोन कॅमेरे, तोंडाची टकळी सुरू. त्याला मित्रांना घेऊन भटकायला अशीच गाडी हवी होती.

"आत रंगीत दिवे लावणार ताई! गाणी लावणार! मरणाला टपली मारून पुढे जायचं, काय?"

माझंच वाक्य. वाचनालयात मी जवळजवळ याच शब्दांत बोलले होते. त्याच्या तोंडून ते किती पोकळ वाटलं आणि तो किती आनंदात होता! मी त्याला सांगितलं की मागे भार जास्त घालू नका, गाडी बसते. बाकीचं काय सांगणार होते? की तुमच्या आधी मंडळी बसलेली आहेत? मी सांगितलं नाही. मला बाबा हवे होते. त्या दिवसांत माझ्याजवळ तेवढी एकच श्रद्धा उरली होती.

बाबांना सांगताना मी तयारी करून गेले होते. ते रागावतील, निदान तोंड पाडतील. ते पेपर वाचत होते.

"विक की. तुझी गाडी."

"तुम्हाला चालेल?"

"मला काय," बाबा पान उलटत म्हणाले. "माझी जागा झालीय."

आत्या दारात उभी होती. एरवी तिने त्याच्यावर दोन वाक्यं ऐकवली असती. त्या दिवशी ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली.

७

शनिवारी सकाळी कॅलेंडरवर मी सेहेचाळीस लिहिलं. दहाला फोटोग्राफर आला. किल्ली दिली, कागद दिले. बाबा माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले. त्यांचा दंड मी धरून ठेवला होता. वारा सुटला की आताशा मला भीती वाटायची.

गाडी झटका देऊन निघाली. बाबा मागे कलले. मला वाटलं, तोल गेला. मी त्यांना सावरलं. गल्लीच्या टोकाला गतिरोधक आहे. गाडीची मागची चाकं त्याच्यावरून उडाली आणि बाबांच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या. गाडी डावीकडे वळली, दिसेनाशी झाली. बाबा उजवीकडे झुकले, अंग ढिलं सोडून, आणि पुन्हा सरळ झाले.

मी त्यांना घरात नेलं. हातांच्या खुर्चीत बसवलं. त्यांचे डोळे उघडे होते, चेहरा शांत. गाडीत बसलेल्या माणसाचं अंग सारखं बारीक थरथरत असतं, तशी त्यांची मान थरथरत होती. भिंतीवरचं घड्याळ, टेबल, पाण्याचा तांब्या, सगळं स्थिर होतं.

मी फोन लावला.

"बोला ताई! काय चालते हो गाडी! लोक वळून वळून बघतायत."

बाबा उजवीकडे झुकले.

"तुम्ही आत्ता डावीकडे वळलात?"

"हो, पुलाकडे. तुम्हाला कसं कळलं?"

"गाडी थांबवा. मला विकायची नाही. परत आणा."

"अहो, पण झालं काय?"

"आधी थांबवा!"

बाबा पुढे झुकले, मग त्यांची पाठ हळूच खुर्चीला टेकली. मानेची थरथर थांबली. मी जमिनीवर त्यांच्या पायांशी बसले. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी अंगभर कळलं.

"थांबवली," फोटोग्राफर म्हणाला. "इंजिन बंद केलं, खाली उतरलो. रस्त्याच्या कडेला झाडाखाली उभी आहे. आता सांगा."

"तिथेच थांबा. काही करू नका. मी रिक्षा करून येते, मी स्वतः चालवत..."

खुर्चीची वेतं करकरली. बाबांचे खांदे मागे गेले. सावकाश, एकसारखे, गाडी निघते तसे.

"तुम्ही गाडी सुरू केलीत?"

"नाही हो. किल्ली माझ्या हातात आहे."

"मग ढकलतंय का कुणी? उतार आहे का तिथे?"

"ताई, गाडी माझ्या डोळ्यांसमोर उभी आहे. हलत नाहीये." त्याच्या आवाजातली मजा गेली. "पण आता ती उंच दिसतेय. मागून. मघाशी एवढी उंच नव्हती."

मी फोन खाली टाकला. बाबांची दोन्ही मनगटं धरली. रिकाम्या बाह्या धरल्यासारखं वाटलं. मान पुन्हा थरथरत होती, आधीपेक्षा जोरात. ते डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले. बाजूला कोरी भिंत होती, तिकडे तोंड करून त्यांनी दोन बोटांनी काहीतरी सारलं आणि बाहेर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून उजेड आणि सावली, उजेड आणि सावली सरकत होती. खोलीतला उजेड हलला नव्हता.

"बाबा. इकडे बघा. मी आहे."

वेग कमी झाला. ते पुढे झुकले आणि सरळ झाले. सगळं थांबलं.

"आलं वाटतं," बाबा शेजारी बघून म्हणाले. गुडघ्यांवर हात ठेवून उठायला लागले.

मी त्यांच्या खांद्यांवर दोन्ही हात टाकले, माझे सगळे अठ्ठावन्न किलो टाकले. "नाही. अजून नाही. बाबा, खाली बसा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वाटेत उभ्या असलेल्या अनोळखी माणसाकडे आपण पाहतो तसं, जरा संकोचून. त्यांनी मला आयुष्यात कधी 'अगं' सोडून हाक मारली नव्हती.

"बाई," ते म्हणाले, "जरा वाट देता? मला उतरायचंय."